पलंगाखालची गिटार

पत्र थोडक्यात असं. वाचक ३९ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी गिटार शिकायला लागल्या. भावाची जुनी गिटार पडून होती, पाठीला तडा, तड्यावर चिकटपट्टी. तीन महिन्यांपूर्वी 'नुसती बघून येऊ' म्हणून दुकानात शिरल्या आणि दोन तासांनी एक महागडी अकूस्टिक गिटार २४ हप्त्यांवर घेऊन बाहेर पडल्या. 'वर्षाला फक्त १० टक्के व्याज' असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. घरी नवऱ्यानं किंमत विचारली तेव्हा तोंडातून निम्मा आकडा निघून गेला. तो म्हणाला, "एवढ्यात येते होय इतकी छान गिटार? बरं केलंस." आता तो हे सगळ्यांना कौतुकानं सांगतो, आणि त्याचा एक सहकारी तशीच गिटार तेवढ्याच पैशात आणायला त्याच दुकानात जायचं म्हणतोय. तीन हप्ते गेलेत. त्यांच्यामुळे महिन्याची बचत थांबलीय. नवी गिटार केसमध्ये, केस पलंगाखाली. सराव अजून जुन्या गिटारवरच. त्या विचारतात: "माझ्यासारख्या नवशिकीनं इतकी भारी वस्तू घेणं हाच गुन्हा ना? विकून टाकू का? विकली तर नवऱ्याला काही सांगायची गरजच उरणार नाही. की रोज दोन तास वाजवून पैसे वसूल करू?" ता. क.: "परवा केस उघडली तेव्हा पहिली तार काळपट दिसली. बदलावी लागेल का?"

नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी कागद घेऊन आकडे मांडत बसले. व्याज किती, हप्ते किती, विकली तर हाती काय लागेल. मग पत्र पुन्हा वाचलं. हप्त्यांबद्दल तुम्ही जेमतेम चार ओळी लिहिल्यात आणि नवऱ्याच्या त्या एका वाक्याबद्दल पान भरून. 'एवढ्यात येते होय?' हे तीनदा आलंय. एकदा अधोरेखित.

म्हणून आकडे जरा बाजूला ठेवते. ते येतीलच.

गिटार घेणं, ती उधारीवर घेणं आणि तिची किंमत खोटी सांगणं या तीन गोष्टींची तुम्ही एकच मोट बांधलीत आणि वर 'माझा गुन्हा' अशी चिठ्ठी डकवलीत. मोट सोडून बघितली तर पहिली गोष्ट मला चूक वाटत नाही. दुसरी ही महागात पडलेली घाई आहे. तिसरी मात्र चूक आहे, आणि रात्री तुम्हाला जागवते ती हीच. तिच्याकडे सरळ बघणं अवघड जातं, म्हणून शिक्षा गिटारला होतेय.

बघा ना, पलंगाखाली गिटार आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती लपवलेली नाहीच. तरी ती बाहेर निघत नाही, कारण बाहेर निघाली की कुणीतरी कौतुक करणार, कौतुकात किंमत निघणार आणि तुम्हाला पुन्हा एकदा मान डोलवावी लागणार. जुन्या गिटारची ही कटकट नाही. तिची किंमत कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणता, 'इतकं मन खातंय, म्हणजे निर्णय चुकलाच असणार.' मनाचा कारभार इतका सरळ नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९५६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी स्त्रियांनी घरगुती वापराच्या काही वस्तूंना आधी पसंतीचे गुण दिले, मग दोनपैकी एक वस्तू स्वतःसाठी निवडली, आणि नंतर पुन्हा गुण दिले. निवडलेली वस्तू दुसऱ्या खेपेला जास्त आवडायला लागली, सोडलेली मनातून उतरली. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी मनातल्या दोन न जुळणाऱ्या विचारांच्या या ओढाताणीची सविस्तर मांडणी केली. 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स' हे तिचं नाव आता सगळीकडे ऐकू येतं. सांगायचा मुद्दा हा की एरवी निर्णय झाला की मन आपणहून आपलं वकीलपत्र घेतं. 'महाग पडली, पण आवाज बघ काय आहे. वीस वर्षं तरी टिकेल.' चार दिवस टोचतं, मग विसरायला होतं.

तुमच्या वकिलाला मात्र उभंच राहता येत नाही. 'महाग पडली, पण' हे वाक्य तुम्ही घरात उच्चारू शकत नाही, कारण घरच्या हिशेबात ती महाग पडलेलीच नाही. तुमची बाजू मांडायची सोय तुम्हीच पहिल्या दिवशी बंद करून टाकलीत. त्यात दर महिन्याला हप्ता वळता झाल्याचा संदेश येतो आणि खपली निघते. एवढं मन खातंय यावरून निर्णय वाईट होता असं ठरवू नका. इतकंच ठरतं की तो अजून कुणाशी बोलला गेलेला नाही.

आता एक प्रश्न विचारते, उत्तर मला कळवायची गरज नाही. तेवढ्याच पैशांचं वॉशिंग मशीन हप्त्यांवर आणलं असतंत, तर नवऱ्याला किंमत निम्मी सांगितली असती का? मला नाही वाटत. उलट चार दुकानं फिरून घासाघीस कशी केली ते रंगवून सांगितलं असतंत. तुमच्या पत्रात 'माझ्याच पगारातून' हे दोनदा येतं आणि दोन्ही वेळा माफी मागितल्यासारखं येतं. घरासाठी, मुलांसाठी कर्ज काढलं तर माणूस ताठ मानेनं सांगतो. स्वतःच्या आवडीसाठी काढलं की आवाज उतरतो. हे तुमच्या एकटीचं नाही, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बायकांच्या पत्रांत जरा जास्तच दिसतं. याचा अर्थ 'माझा पगार, मी कुणाला का सांगू' असाही घेऊ नका. बचत थांबलीय, आणि ती बचत दोघांच्या उद्यासाठी होती.

'माझ्यासारख्या नवशिकीनं' या शब्दांवरही मी अडले. भारी वाद्य घ्यायला आधी लायकी कमवावी लागते, असं तुम्ही धरून चाललाय. ही परीक्षा घेणार कोण? ज्यांच्या नावाच्या इलेक्ट्रिक गिटार जगभर वाजतात त्या लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्याच्या आसपास सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. चिकटपट्टीवाल्या गिटारवर दोन वर्षं टिकलेल्या बाईला हौशी म्हणता येईल, उथळ म्हणता येणार नाही.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसतीच गोंजारतेय. तुम्हाला एवढ्या महागाची गिटार लागणार नव्हती. जुन्या गिटारवर एफ कॉर्ड, म्हणजे तर्जनीनं एकदम अनेक तारा दाबाव्या लागणारी सुरांची जुळणी, धरताना तर्जनीवर वळ उठतात आणि तरी दोन तारा मुक्याच राहतात, असं तुम्ही लिहिलंय. याचं कारण बहुतेक वेळा गिटारच्या किमतीत नसतं, तारांच्या उंचीत असतं. अकूस्टिक गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि फ्रेट यांच्यात साधारण २ ते अडीच मिलिमीटर अंतर असलं की हाताला सोपं जातं. तेच अंतर ४ मिलिमीटर झालं की चांगला वाजवणाराही कुरकुरतो. सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी, थोडी घासून, नेकमधल्या म्हणजे मानेतल्या लोखंडी सळईचा पीळ जुळवून एखादा जाणता कारागीर हे बहुधा एका बैठकीत ठीक करून देतो. दुकानात तुम्ही जिच्या प्रेमात पडलात ती गिटार नीट लावून ठेवलेली होती. एफ कॉर्ड पहिल्यांदा स्वच्छ वाजली आणि तुम्हाला वाटलं, हिच्या किमतीमुळे वाजली. थोडं किमतीमुळे, बरंचसं त्या अडीच मिलिमीटरमुळे. स्वस्त आणि मध्यम गिटारमधला फरक कानाला आणि हाताला लगेच कळतो. मध्यम आणि महाग यांच्यातला फरक बारीक बारीक होत जातो आणि किंमत मात्र ढांगा टाकत जाते.

तेव्हा गरज होती का, तर नाही. हवी होती का, तर हो, आणि हवी असण्यात गुन्हा नाही. हिशेब आहे.

चला, हिशेब. तुमचा खरा आकडा इथे लिहीत नाही. गिटारची किंमत १०० धरू, म्हणजे दुसऱ्या वाचकांनाही आपापले आकडे बसवता येतील.

वर्षाला १० टक्के म्हणजे दोन वर्षांचे २०. एकूण १२०, चोवीस हप्ते, महिन्याला ५. ऐकायला सोपं आहे आणि खोटंही नाही, फक्त अर्धंच सांगितलेलं आहे. हे 'फ्लॅट' व्याज. दोन्ही वर्षं ते पूर्ण १०० वर आकारलेलं असतं. प्रत्यक्षात तुमच्याकडे त्यांचे पूर्ण १०० फक्त पहिला महिनाभर असतात; पुढे दर हप्त्याला मुद्दल घटत जातं, शेवटी शेवटी चार-पाचच उरलेले असतात, तरी व्याज १०० चंच. घटत्या शिल्लकेच्या भाषेत मांडलं तर हा दर महिन्याला दीड टक्क्याच्या जरा वर, म्हणजे वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास जातो. हप्त्यावर काहीही घेताना 'दर फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेवर' एवढं विचारलंत तरी समोरच्याचा सूर बदलतो. 'बिनव्याजी हप्ते' असतील तर रोख दिल्यास किती सूट मिळेल ते विचारा. सूट सोडावी लागत असेल तर तेच व्याज.

तुम्ही तीन हप्ते भरलेत, म्हणजे १५. त्यातून मुद्दल फिटलं साडेदहाच्या आसपास. आज कर्ज मिटवायचं तर अंदाजे ८९ लागतील. सावकार कंपनी मुदतीआधी फेडीचं शुल्क लावत असेल तर ते वेगळं. कराराचा कागद काढून बघा, आणि आज मिटवायला नेमके किती लागतील हे त्यांच्याकडून लेखी मागा.

आता विकायचं बघू. तीन महिन्यांची, जवळपास न वाजवलेली गिटार, तरी ती 'वापरलेली'च. दुकानाबाहेर पडली की भाव पडतो. कितीनं पडतो हे त्या बनावटीवर आणि गिऱ्हाइकावर अवलंबून. समजा ६५ आले. कर्ज मिटवायला वरचे २४ खिशातून घालावे लागतील. भरलेले १५ गेलेच. म्हणजे ३९ खर्च करून हातात काही नाही. ठेवलीत तर अजून १०५ भरायचेत, पण गिटार तुमची, आणि ती नीट सांभाळली तर दोन वर्षांनीही तिला काहीतरी मोल असेलच. हप्ता झेपत नसेल, त्यापायी घरभाडं किंवा विम्याचा हप्ता मागे पडत असेल, तर ३९ चं नुकसान सोसूनही विकावी. तोटा मर्यादेत ठेवणं हा शहाणपणाच असतो. तुमच्या पत्रावरून तशी वेळ दिसत नाही. हप्ता जातो, बाकीचं चाललंय, बचत तेवढी थांबलीय.

'विकली तर सांगायची गरज उरणार नाही' हे तुमचं वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. एक तर उरेल, कारण गिटार कुठे गेली हे विचारायला नवरा आहे. मग त्याचं उत्तर शोधावं लागेल, आणि कितीला विकली याचंही. निम्मी किंमत सांगितलेली वस्तू तुम्ही तिच्यापेक्षा जास्त भावानं विकून येणार! तुमचा धंद्यातला हात बघून तो सहकारी तुम्हाला भागीदारीच विचारेल. विनोद सोडा, विकायची असेल तर ती पैशांसाठी विका. बोलणं टाळण्यासाठी ३९ मोजणं फार होतं.

तिसरा रस्ता तुम्ही विचारलेला नाही, पण आहे. बाजूला पडलेले काही पैसे असतील आणि कंपनी अंशतः फेड घेत असेल, तर आत्ता एकरकमी ३० भरा आणि हप्ता ५ चाच ठेवा. एकवीसऐवजी तेरा-चौदा महिन्यांत मोकळ्या व्हाल आणि साधारण ९ वाचतील. यासाठी अडीअडचणीची गंगाजळी मात्र रिकामी करू नका. आणि कंपनी नको म्हणाली तर तो विषय तिथेच संपला.

वसुलीचं काय? रोज दोन तास? ही कल्पना आजच्या आज सोडून द्या. १९९८ साली ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकांनी लोकांना विचारलं होतं की सहलीचे पैसे कधी द्यायला आवडतील आणि वॉशिंग मशीनचे कधी. बहुतेकांना सहलीचे पैसे आधीच देऊन मोकळं व्हायचं होतं. यंत्राचे मात्र वापरता वापरता देत राहिले तर चालणार होते. कारण समजण्यासारखं आहे. सहल संपून गेल्यावर तिचे हप्ते भरणं जिवावर येतं, पण यंत्र रोज कपडे धुऊन देत असेल तर हप्ता इतका सलत नाही. गिटार खरं तर यंत्राच्या बाजूची वस्तू, वर्षानुवर्षं कामाला येणारी. पलंगाखाली ठेवून तुम्ही तिची सहल करून टाकलीत, न केलेली सहल, आणि हप्ते चालू. म्हणून वाजवा हे खरंच. पण वसूल करायला म्हणून वाजवायला बसलात की सराव हाच दुसरा हप्ता होतो. एक दिवस चुकला की थकबाकी, थकबाकी साचली की टाळाटाळ, आणि गिटार पुन्हा पलंगाखाली. वीस मिनिटं पुरेत. गिटार केसमधून काढून स्टँडवर ठेवा, उन्हात नाही, भिंतीच्या ओलीजवळ नाही, येता-जाता हात लागेल अशी. केस उघडण्याचा आळस किती सराव खातो ते एकदा बाहेर ठेवून बघा.

इथे माझं एक जुनं दुखणं सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी हप्त्यांवर कॅमेरा घेतला होता. इतका महाग, की पावसात काढला नाही, धुळीत काढला नाही, गर्दीत तर नाहीच नाही. मऊ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, कपाटाच्या तळाशी. हप्ते फिटले त्या महिन्यात मोठ्या थाटात बाहेर काढला, तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. अंधारात, दमट कपाटात ठेवल्यानं भिंगाला ती लागते. दुरुस्तीवाल्यानं भिंग उजेडाकडे धरलं, मला दाखवलं आणि विचारलं, "वापरत नव्हता का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

गिटारही लाकूडच आहे. हवेत ओल ४५ ते ५५ टक्के असली की ती सुखात असते. हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं, नेकच्या कडेनं फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात, पुढची पाटी खचते. फार दमट झाली की पाटी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. बंद केस चांगली असते, पण आत काय चाललंय ते अधूनमधून कुणीतरी बघायला हवं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. एवढे पैसे घातलेत तर तेही केसमध्ये असू द्या. आणि तिथेच थांबा. आता भारी पट्टा, मग भारी स्टँड, मग ॲम्प्लिफायर, अशी रांग लागते. गिटारवाल्यांमध्ये या रोगाला 'गॅस' म्हणतात, 'गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम'चं लाडकं रूप. लोक हसत हसत सांगतात. हप्ते मात्र हसत भरत नाहीत.

आता नवऱ्याशी बोलायचं.

सहकारी दुकानात पोचायच्या आत बोला. त्याच्याकडून कळलं तर तुमच्या नवऱ्याला दोन गोष्टी एकदम कळतील: किंमत, आणि आपण इतके दिवस लोकांना चुकीचं सांगत होतो. दुसरी जास्त झोंबेल. त्याच्या कौतुकाचं हसं होईल, आणि ते तुमच्यामुळे.

झोपायच्या वेळी नको, घाईत नको, गिटार हातात घेऊन तर अजिबात नको. एका कागदावर चार आकडे लिहा: खरी किंमत, महिन्याचा हप्ता, उरलेले हप्ते, आज मिटवायला लागणारी रक्कम. मग सरळ सांगा. "गिटारची किंमत मी तुला निम्मी सांगितली. खरी ही आहे. हप्त्यांवर घेतलीय, एकवीस उरलेत. त्यामुळे तीन महिने माझी बचत झालेली नाही. खोटं बोलले, ते माझं चुकलं." आणि थांबा. पुढे 'पण' जोडू नका. 'पण तू चिडला असतास', 'पण माझ्याच पगारातून आहे', 'पण मी कधी स्वतःसाठी काही घेत नाही'. यातलं शेवटचं खरं असेलही, आणि ते कधीतरी नक्की बोला. त्या दिवशी नको. त्या दिवशी ते बोललात तर कबुलीची तक्रार होते.

तो चिडेल कदाचित. गप्प बसेल. किंवा 'मला का नाही सांगितलंस?' असं विचारेल. हा प्रश्न किमतीपेक्षा अवघड आहे, त्याचं उत्तर आधी स्वतःशी शोधून ठेवा. तुम्ही लिहिलंय की त्यानं कधी तुमच्या खर्चाला आडकाठी केलेली नाही. मग भीती कुणाची होती? मला अंदाज आहे, पण तो तुमचा शोध आहे. पैशावरून घरात धाक असेल, मारहाण होत असेल किंवा प्रत्येक रुपयाचा जाब द्यावा लागत असेल, तर असं पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाला मी हा सल्ला देणार नाही. तिथे लपवणं ही कधीकधी सुरक्षितता असते, आणि आधी विश्वासातलं तिसरं माणूस गाठायला हवं. तुमचं पत्र तसं नाही.

आणि त्यानं 'विकू या' म्हटलं तर? ऐका. आकडे तुमच्याकडे आहेत, तो कागद समोर आहे. दोघांनी मिळून ठरवून विकली तर ३९ चा तोटा दोघांचा असेल. ठेवायची ठरली तर बचत पुन्हा कशी सुरू करायची तेही त्याच बैठकीत ठरवा. निम्मी का होईना, पण पुढच्याच महिन्यापासून.

असंच काही होऊन बसलेल्या इतरांसाठी थोडं. खरेदी ताजी असेल तर पश्चात्ताप बाजूला ठेवून आधी पावती शोधा. परत घेण्याची मुदत असेल तर ती दिवसांत मोजली जाते, आणि खोकं, कागद, केसची किल्ली सगळं जागेवर लागतं. विचार करत बसलेल्यांची मुदत विचारातच निघून जाते. क्रेडिट कार्डावर घेऊन महिन्याला फक्त 'किमान रक्कम' भरत असाल तर मात्र खरंच काळजी करा. दर महिन्याला ३ टक्के व्याज आणि किमान रक्कम ५ टक्के धरली, तर १०० च्या देण्यावर बत्तीस महिने नेमानं भरूनही ५० बाकी राहतात, आणि तोवर तुमचे जवळपास १२० भरून झालेले असतात. हा आकडा मी तीनदा मांडून बघितला, कारण मलाही खरा वाटेना. तिथे गिटार विकायची की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी ते देणं स्वस्त दराच्या कर्जात वळवा किंवा हप्ता वाढवा, आणि फिटेपर्यंत ते कार्ड खिशाबाहेर.

राहिला ता. क. हो, बदला, आणि एकच नको, सहाही बदला. एक तार नवी आणि पाच जुन्या असल्या की आवाज दोन तऱ्हेचा येतो. तार काळपट पडते ती हातांच्या घामानं आणि हवेतल्या ओलीनं. दुकानात शंभर जणांनी हात लावलेला असतो, तुमचा दोष नाही. वाजवून झालं की कोरड्या कापडानं तारा पुसायची सवय लावा. काढताना तार ताठ असताना कापू नका. सहा तारांचा मिळून ७० किलोंच्या आसपास ताण असतो, तुटलेलं टोक डोळ्यात जाऊ शकतं. आधी सैल करा, मग काढा. एकेक करून बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. नव्या तारा पहिले एक-दोन दिवस सारख्या उतरतात. हलक्या हातानं ओढायच्या, पुन्हा सुरात आणायच्या, पुन्हा उतरल्या की पुन्हा. बिघाड झाला असं समजून दुकानात धावू नका.